दोन इंच उचललेली गाडी

मी, खाली सही करणारी, वय बेचाळीस, काम – पाणी तपासणीच्या खाजगी प्रयोगशाळेसाठी नद्या, विहिरी आणि तळ्यांमधून नमुने गोळा करून आणणे, राहणार – जुन्या पोस्टामागे, बेकरीच्या वरचा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती आणि माझ्या सासूबाई असे तिघे राहतो. पती खालच्या बेकरीत भट्टीवर काम करतात. सासूबाईंचे वय चौऱ्याहत्तर असून त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात.

फरशी पुलावरून वाहून गेलेल्या मिनीबसच्या ड्रायव्हरच्या थोरल्या भावाने दिलेला अर्ज मला आज वाचून दाखवला. माझी गाडी पाण्यातून जाण्यासाठीच मुद्दाम उंच करून घेतलेली होती आणि तरीही मी त्यांच्या भावाला पुलावर सोडून दिले, असे त्यात म्हटले आहे. जबाब लिहून घेणारे हवालदार मला म्हणाले की पुलावर काय घडले तेवढेच सांगा, गाडीची कहाणी नको. परंतु अर्जात गाडीची उंचीच आहे. तेव्हा ती कशी ठरली हेही लिहून घ्यावे, अशी मी विनंती केली व ती त्यांनी मान्य केली.

माझी गाडी जुनी आहे. मी ती वापरलेलीच घेतली. आमच्या गावात अशा गाडीला सगळे जीपच म्हणतात, पण ती बंद काचांची, मागे डिकी असलेली मोठी गाडी आहे. चारही चाकांना जोर मिळतो. नमुन्यांच्या बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवून ठरलेल्या वेळेत प्रयोगशाळेत पोचवाव्या लागतात, आणि नमुने घ्यायच्या जागा पक्क्या रस्त्यावर नसतात. मागच्या वर्षी दगडखाणीच्या वाटेवर गाडीचे पोट घासले, ऑइलच्या चेंबरला दगड लागला आणि सगळे ऑइल वाटेत गळून गेले. त्या दिवशीचे नमुने उन्हात फुकट गेले. तेव्हापासून गाडी थोडी उंच करून घ्यावी असे माझ्या मनात होते.

माझ्या धाकट्या भावाला गाड्यांचे वेड आहे. सुट्टीच्या दिवशी तो आणि त्याचे मित्र चिखलात गाड्या घालतात आणि मग एकमेकांना ओढून काढतात. त्याचे म्हणणे पडले, ‘ताई, करतेसच आहेस तर चार इंच कर. दोन इंच म्हणजे उंच टाचेच्या चपला घातल्यासारखं. फोटोत दिसणार, कामाला नाही येणार.’ टायरसुद्धा त्याने असे सुचवले की ते गाडीच्या आत मावले नसते, मडगार्ड कापावे लागले असते.

गॅरेजचे मिस्त्री दोन इंचांच्या बाजूने होते. नवे स्प्रिंग, नवे शॉकअप आणि एक नंबर मोठे, चिखलात पकड घेणारे जाड गोट्यांचे टायर. त्यापुढे गेलो तर खालचा शाफ्ट तिरका पडतो, ब्रेकचे पाइप लांब करावे लागतात आणि गाडी वळणावर डोलते, असे ते म्हणाले. मी त्यांना विचारले की हे कायद्यात बसते का. ते म्हणाले, ‘एवढ्याला कोण अडवतंय?’ मी पुढे चौकशी केली नाही. याबाबत जी काही कारवाई होईल ती मला मान्य आहे.

पतींना विचारले असता ते म्हणाले, ‘उचल नाहीतर खाली कर. मला तर पिशव्यांबरोबर मागेच बसायचंय.’

त्या वेळी गॅरेजमध्ये दुसऱ्या कोणाची तरी चार इंच उचललेली गाडी उभी होती. मी सासूबाईंना तिथे घेऊन गेले. त्यांनी दाराच्या वरची दांडी धरली, पाय उचलला, तो तिथपर्यंत पोचला नाही, मग दुसरा उचलून पाहिला. नंतर पदराने हात पुसून म्हणाल्या, ‘छान आहे गं. मोकळी हवा लागेल तुला. मी आपली घरीच बरी.’ हे त्या हसत म्हणाल्या. भाऊ म्हणाला, ‘आईंसाठी खाली पायरी जोडू की.’ मिस्त्री म्हणाले, ‘मग दगड लागणार तो पायरीलाच.’ या दोघांचा बराच वाद झाला. सासूबाई तोपर्यंत बाहेर टायरच्या ढिगावर बसून राहिल्या.

मी दोन इंच आणि बिनपायरीची गाडी सांगितली.

गाडी हातात आल्यावर काही दिवस मला चैन नव्हते. स्टिअरिंग जड लागायचे, ब्रेक किंचित उशिरा धरतो असे वाटायचे, डांबरी रस्त्यावर टायर घूं घूं आवाज करायचे. मी मिस्त्रींकडे दोन-तीनदा जाऊन आले. ते म्हणाले, ‘गाडी नाही, तुमचं मन डोलतंय.’ पुढे सवय झाली. सासूबाई दांडी धरून, एकदा ‘हं’ म्हणून, आपल्या आपण चढायच्या. खाणीच्या वाटेवर पोट घासायचे थांबले. पाण्यातून जाण्यासाठी मी गाडी उंच करून घेतली नव्हती. मात्र पाण्यातून जाणे तिला जमेल, असे मला वाटत होते, हेही खरे आहे.

घटनेच्या दिवशी नदीच्या पलीकडील बंधाऱ्याजवळचे नमुने घ्यायचे होते. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचे घर नदीच्या अलीकडेच, फरशी पुलाच्या थोडे आधी आहे. म्हणून त्याही बरोबर निघाल्या. आमच्याकडे ऊन होते. वर डोंगरात पाऊस झाल्याचे आम्हाला माहीत नव्हते. बहिणीच्या घराला कुलूप होते. सासूबाई म्हणाल्या, ‘चल, तुझ्याबरोबर येते, तेवढीच नदी बघेन.’ दुपारी साडेतीनच्या सुमारास आम्ही पुलाजवळ आलो.

पुलावरून पाणी वाहत होते. पुलाच्या मधोमध एक मिनीबस आमच्याकडे तोंड करून उभी होती. सायलेन्सरमध्ये पाणी जाऊन ती बंद पडली होती. आत शिवणकारखान्यातल्या बाया होत्या, पाळी संपवून घरी निघालेल्या. ड्रायव्हर खाली उतरून दाराशी उभे होते, त्यांच्या गुडघ्याच्या खाली पाणी होते. दोन बाया चालत यायला निघाल्या होत्या, पण पाण्याच्या ओढीने पडल्या आणि त्यांना ड्रायव्हरने केसाला धरून परत ओढले, असे मला नंतर कळले. काठावर एक सायकलवाला आणि मोटारसायकलवरचे दोघे होते. त्यांनी अग्निशमन दलाला फोन केला होता. गाडी निघाली आहे, एवढेच उत्तर मिळाले होते.

मी गाडी पाण्याजवळ नेली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘मला उतरव. माझ्या जागी एक बाई बसेल.’ मी त्यांना काठावर उतरवले. सकाळी घेतलेल्या नमुन्यांची बर्फाची पेटी आणि रिकाम्या बाटल्यांचे खोकेही तिथेच ठेवले.

पुलाच्या दोन्ही कडांना दगडी खुंट आहेत. ते तेव्हा दिसत होते. त्यांच्या मधून मी सरळ बसपर्यंत गेले. पाणी अर्ध्या चाकाच्या खाली होते. बसचे दार पाणी येते त्या बाजूला होते, त्यामुळे पाणी बायांना बसलाच दाबून धरत होते, वाहून नेत नव्हते. ड्रायव्हर एकेकीचा दंड धरून बसच्या कडेकडेने माझ्या गाडीपर्यंत आणत होते. त्यांना सगळ्या बाया ‘मामा’ म्हणत होत्या. एकीने चपला राहिल्या म्हणून मागे वळून पाहिले. ते म्हणाले, ‘चल गं बाई, नदी तुझ्या मापाच्या घालत नाही.’ बाया त्या स्थितीतही हसल्या. पुलावर गाडी वळवायला जागा नाही, म्हणून मी तोंड तसेच ठेवून मागे मागे काठावर आले. निम्म्या बाया उतरल्या.

दुसऱ्या खेपेला खुंटांची फक्त डोकी दिसत होती. पाणी दाराच्या फटीतून आत येऊन माझ्या पायाशी खेळत होते. ब्रेक दाबला तर पाय नुसताच खाली जात होता. उरलेल्या बाया पुढे, मागे, डिकीत, एकमेकींच्या मांडीवर अशा बसल्या. त्यांच्या मुकादमबाई सर्वांत शेवटी आल्या. त्या म्हणाल्या, ‘मामा, तुम्हीपण चढा.’ ते म्हणाले, ‘तुझ्या मांडीवर बसू का? दार तरी लागेल का मग?’ त्यांचे म्हणणे खरे होते. दार तसेच लागत नव्हते, त्यांनी बाहेरून खांदा देऊन ते लावले.

मी त्यांना म्हणाले, ‘मामा, काच खाली करते, आतली वरची दांडी धरून बाहेर लटका.’ त्यांनी खाली पाहिले. पाय ठेवायला काही नव्हते. पायरी असती तर ते उभे राहू शकले असते. ही गोष्ट अर्जात नाही. मी ती स्वतःहून सांगत आहे.

ते म्हणाले, ‘तुम्ही व्हा पुढे, ताई. मी टपावर चढतो. निवांत या.’ एवढेच आमचे बोलणे झाले.

मागे येताना मला कडा दिसत नव्हत्या. सासूबाई काठावर पाण्यात येऊन उभ्या होत्या आणि हाताने डावीकडे, उजवीकडे दाखवत होत्या. त्यांना गाडी चालवता येत नाही. मी त्यांच्या हाताकडे पाहत मागे आले. बाया उतरल्या. त्यांतल्या बऱ्याच जणी तिथेच खाली बसल्या. एक जण सासूबाईंच्या कमरेला मिठी मारून रडत होती. ती सासूबाईंना ओळखत नव्हती.

मी लगेच तिसऱ्या फेरीसाठी गाडी आत घातली. पुढची चाके पाण्यात गेली, मग मागची. एकही खुंट दिसत नव्हता. थोडे पुढे गेल्यावर गाडीची मागची बाजू सरकली. मी स्टिअरिंग फिरवले नव्हते. खालून जो खरखर आवाज येत असतो तो बंद झाला आणि गाडी काही क्षण कशालाच टेकलेली नव्हती. मग मागचे एक चाक कशाला तरी लागले. मी मागे घेतली. कशी घेतली ते मला सांगता येत नाही. इंजिन चालूच होते.

काठावर गाडी थांबवून मी पुन्हा गिअर टाकला. ड्रायव्हर बसच्या टपावर उभे होते. त्या वेळी माझ्या शेजारच्या सीटचे दार उघडले आणि सासूबाई आत आल्या. त्या कोणाच्याही मदतीशिवाय चढल्या. त्यांचे लुगडे गुडघ्यापर्यंत भिजलेले होते. त्यांनी दार लावले आणि बेल्ट ओढून लावून घेतला. एरवी त्यांना तो लावायला दहा वेळा सांगावे लागते.

मी म्हणाले, ‘आई, उतरा.’

त्या म्हणाल्या, ‘तू जातेस ना? मग मीही येते.’

‘आई, उतरा खाली. वेळ नाहीये.’

‘तू उतर. मी उतरते.’

त्या ओरडल्या नाहीत. माझ्याकडे पाहिलेही नाही. समोर काचेतून पाहत बसल्या. मी किल्ली फिरवून गाडी बंद केली. तिसरी फेरी मी केली नाही.

सासूबाईंनी मला अडवले असे माझे म्हणणे नाही. गाडी माझ्या हातात होती.

ड्रायव्हरनी टपावरून हात केला. अर्जात लिहिले आहे की ते मला बोलावत होते. काठावरच्या सायकलवाल्याने तसे सांगितले आहे. मोटारसायकलवाल्यांपैकी एकाने सांगितले आहे की ते ‘येऊ नका’ म्हणत होते. मी पाहिले ते असे की त्यांनी उजवा हात खांद्याच्या वर नेऊन पंजा दोन-तीनदा हलवला. तोंडाने ते काही म्हणत होते, पण पाण्याच्या आवाजात ऐकू आले नाही. याहून जास्त मी खात्रीने सांगू शकत नाही. घरी आरशासमोर उभे राहून मी तो हात करून पाहिला आहे. तरी सांगता येत नाही.

नंतर बस आधी थोडी कलली, मग आडवी झाली आणि पुलावरून खाली गेली. अग्निशमन दलाची गाडी दोर घेऊन आली तेव्हा पुलावर काही नव्हते. दुसऱ्या दिवशी पाणी उपसा केंद्राच्या जाळीजवळ ड्रायव्हरचा मृतदेह मिळाला, असे मला पोलिसांकडून समजले.

त्या दिवशीचे नमुने काठावरच राहिले. ते कोणी नेले मला माहीत नाही.

संध्याकाळी माझा भाऊ घरी आला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरवर हात ठेवला आणि वर येऊन म्हणाला, ‘ताई, चार इंच असती ना...’ पतींनी त्याला पावाचा तुकडा दिला, तो त्याने हातात धरला आणि तसाच ठेवून गेला. त्यानंतर तो रोज फोन करतो. गाडीबद्दल काही बोलत नाही.

गाडीत पाणी गेले म्हणून ती मिस्त्रींकडे नेली. मी त्यांना विचारले की चार इंच आणि ते मोठे टायर असते तर ती पार झाली असती का. ते आधी ‘हो’ म्हणाले. मग म्हणाले, नाही, मोठा टायर हवेने भरलेला असतो, तो लवकर तरंगतो, आणि उंच गाडी लवकर कलंडते. मग म्हणाले, पण वजनही वाढतं. शेवटी म्हणाले, ‘बाई, मला विचारू नका. मी पण झोपलेलो नाही.’ त्यांनी दुरुस्तीचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. गाडी आता बेकरीच्या मागे उभी आहे. मी कामाला जाताना सध्या बसने जाते. दिवसातून काही वेळा खाली जाऊन गाडी पाहून येते. का ते मला माहीत नाही. पतींनी एकदा विचारले, ‘काय बघतेस सारखी?’ मी टायरची हवा बघते असे सांगितले.

सासूबाई आणि मी या विषयावर बोललेलो नाही. त्या भाजी निवडतात, मी कपडे वाळत घालते, रोजचे सगळे होते. माझी विनंती आहे की त्यांचा जबाब घेणे आवश्यक असल्यास घरी येऊन घ्यावा, कारण ठाण्याच्या पायऱ्या त्यांना चढता येणार नाहीत. तसेच त्या गाडीत का बसल्या असे त्यांना विचारू नये. विचारायचेच असेल तर मी समोर नसताना विचारावे.

परवा ड्रायव्हरची पत्नी आमच्या घरी आली होती. बरोबर कोणी नव्हते. अर्ज आपण केलेला नाही, दिरांनी केला आहे आणि तो मागे घ्यायला आपण त्यांना सांगणार नाही, असे तिने दारातच सांगितले. मी तिला आत बसवले. तिने पाणी घेतले. मग म्हणाली, ‘तुम्ही शेवटचं बोललात त्यांच्याशी. काय म्हणाले?’ मी सांगितले, ‘निवांत या, म्हणाले.’ ती म्हणाली, ‘असंच म्हणतात हे. सगळ्यांनाच.’

थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘हात कसा केला ते दाखवा.’

मी नको म्हणाले. तिने पुन्हा सांगितले. म्हणून मी उभी राहिले आणि उजवा हात खांद्याच्या वर नेऊन पंजा हलवून दाखवला. ती बराच वेळ माझ्या हाताकडे पाहत राहिली. मी हात खाली घेतला तर म्हणाली, ‘परत करा.’ मी परत केला.

मग ती म्हणाली, ‘हाच हात. घरी मला बोलवायचं असलं तरी हाच, आणि जा म्हणायचं असलं तरी हाच. मी कितीदा भांडले असेन, की अहो, नक्की काय ते कळू द्या ना माणसाला. ह्यांना वेगवेगळा हात कधी जमलाच नाही.’ हे सांगताना तिला हसू आले. ती हसत असताना सासूबाई आतून येऊन तिच्या शेजारी बसल्या. नंतर आम्ही तिघींनी चहा घेतला. जाताना ती जिन्यात थांबली आणि आमच्याकडे पाहून तिने हात केला. तो कसा केला ते मी पाहिले नाही, मी दार लावत होते.

वरील जबाब मी सांगितल्याप्रमाणे लिहून घेतला. तो मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला, तेव्हा त्यात एके ठिकाणी ‘तिसरी फेरी करता आली नाही’ असे लिहिलेले होते. हवालदार म्हणाले, अर्थ एकच आहे आणि असे लिहिलेले तुमच्याच बाजूचे आहे. मी ते शब्द खोडून ‘केली नाही’ असे लिहायला लावले व खाडाखोडीजवळ सही केली. बाकी मजकूर बरोबर आहे.